दोनदा पाहिलेले दिवे

त्याला सगळे डॉक्टर म्हणत. शिक्षण म्हणाल तर शाळा अर्ध्यात सोडलेली, आणि पेशंट म्हणाल तर गाड्या. पण गॅरेजच्या पत्र्याखाली तीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करून करून त्याला एक विद्या साधली होती. गाडीवाल्याने चावी फिरवली की हा डोळे मिटायचा, मान जराशी कलती करायचा आणि ऐकायचा. नुसतं एकदाच टक् झालं, 'टर्मिनल सैल आहे.' टकटकटकटक झालं, 'बॅटरी उतरली.' घर्र करून दम सोडला, 'सेल्फ-स्टार्टरचे कार्बन गेले.' गाडीवाला आ वासून बघत राहायचा. दहातली नऊ निदानं बरोबर निघायची. दहावं चुकलं तर म्हणायचा, गाडीच खोटं बोलली.

मीटर त्याच्याकडे नव्हता असं नाही. वीज मोजायचा चांगला काट्याचा मीटर बायकोने हौसेने आणून दिला होता. तो फळीवर खोक्यात पडून होता, वरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. कुणी विचारलंच तर हा आपला कान चिमटीत धरून हलवायचा. "हा काय मीटर. याला सेलही लागत नाहीत." गॅरेजात तिघे होते. इंजिनाचं काम बघणारा मेकॅनिक, पत्रा ठोकून सरळ करणारा डेंटर, आणि डॉक्टर. त्याच्या असल्या बोलण्यावर डेंटर सगळ्यात मोठ्याने हसायचा. हसणारा माणूस जवळ असला की बोलणाऱ्याची जीभ सैल सुटते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

ऑपरेटरबाई या गॅरेजच्या जुन्या गिऱ्हाईक. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पस्तीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसलेल्या. फोन लावायचा तर आधी बाईंना नंबर सांगावा लागे, त्या काळातल्या. गावातले निम्मेअधिक नंबर त्यांना तोंडपाठ होते. लोक नंबर सांगायचेच नाहीत, 'बाई, जरा लाकडाच्या वखारीत द्या' म्हणायचे, की लागलाच. नवरा गेल्यावर साठीला टेकता टेकता त्या गाडी शिकल्या, आणि कुणाच्या तरी हातची, पांढऱ्याची पिवळट झालेली एक लहानशी गाडी घेतली. मुलगा म्हणाला, "आई, या वयात?" बाई म्हणाल्या, "मग कोणत्या वयात? पुढच्या?"

वापरलेल्या छोट्या गाडीचं वायरिंग म्हणजे रोज नवं रडगाणं. आज डावा इंडिकेटर घाईघाईने लुकलुकतोय, उद्या वायपर काचेच्या मध्यावर येऊन उभा, परवा ब्रेक दाबला की भलताच दिवा लागतोय. बाई गाडी घेऊन स्वतः यायच्या, पर्स पोटाशी धरून बाजूला उभ्या राहायच्या आणि एकच प्रश्न विचारायच्या. "का?"

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर डॉक्टर खेकसला असता. पण बाईंना तो समजावून सांगायचा. "वीज नुसती जाऊन भागत नाही बाई, तिला परतही यायला लागतं. परतीची वाट गंजली, की ती शेजाऱ्याच्या घरातून घुसते. म्हणून ब्रेक दाबला की पार्किंगचा दिवा लागतो."

"म्हणजे क्रॉस कनेक्शन!" बाई टाळी वाजवायच्या. "आमच्याकडे रोजचंच."

असं दहा-बारा वर्षं चाललं. मग एकदा दुधाच्या व्हॅनने मागे येता येता बाईंच्या गाडीची डिकी चेपवली. डेंटरने झाकण काढलं, ठोकलं, रंगवलं, परत बसवलं. डॉक्टरने नंबरप्लेटच्या दिव्याची वायर जोडली, झाकण धाडकन लावलं, वर एक थाप मारली आणि म्हणाला, "ओके, बाई." बाई गेल्या. एवढीशी गोष्ट, कोण लक्षात ठेवतंय?

त्यानंतर महिन्या-दीड महिन्यात गाडीची बॅटरी पहिल्यांदा उतरली.

गुडघे दुखायला लागल्यापासून बाई रोज गाडी काढत नव्हत्या. चार दिवस गाडी दारात उभी होती, पाचव्या दिवशी चावी फिरवली तर टकटकटकटक. डॉक्टर केबल घेऊन घरी गेला, दुसऱ्या बॅटरीवरून गाडी चालू करून दिली. "दिवे राहिले असतील चालू," तो म्हणाला. बाई म्हणाल्या, "नाही हो. मी बंद केले होते." "होतं असं कधीकधी," तो म्हणाला आणि गेला. पंधरा दिवसांनी तेच. मग बॅटरीच जुनी असेल म्हणून नवी घातली. तीही उतरली. चौथ्या वेळी मुलगाच गाडी ओढून गॅरेजात घेऊन आला, बाईंना शेजारी बसवून.

आता त्या दुपारचं ऐका, कारण सगळं पाणी तिथे मुरलंय. आत चार गाड्या उभ्या, बाहेर दोन हॉर्न वाजवतायत, डॉक्टरच्या हाताला ग्रीस, कपाळावर घाम. त्याने चावी फिरवायला लावली. टकटकटकटक. डोळे मिटायचीही गरज पडली नाही. दुसऱ्या बॅटरीवर गाडी चालू करून डायनामो बघितला, बॅटरी भरत होता. बॅटरी नवी. हेडलाइटचा स्विच बघितला, ठीक होता. मग राहिलं कोण?

"गाडीत काही दोष नाही साहेब," तो मुलाला म्हणाला.

"मी दिवे बंद केले होते," बाई मागून म्हणाल्या. "दोनदा पाहिलं होतं."

डॉक्टर वळला. एवढी वर्षं तो त्यांना बाई म्हणत आला होता. त्या दिवशी म्हणाला, "आजी, सगळे असंच म्हणतात. गाडी ठणठणीत आहे. सुट्टे भाग सगळे मिळतात आमच्याकडे, पण आठवणीचा भाग काही दुकानात मिळत नाही."

डेंटर खो खो हसला. मेकॅनिक हसला. हॉर्न वाजवणारा गाडीवालासुद्धा खिडकीतून हसला. डॉक्टरने मुलाला बाजूला घेतलं, म्हणजे अगदी तीन पावलं, आणि त्याच्या मते हळू आवाजात म्हणाला, "वय झालं हो. आज दिवे विसरतायत, उद्या ब्रेक विसरतील. बघा बुवा तुम्ही."

बाईंनी पर्स पोटाशी धरली होती. त्यांनी 'का?' विचारलं नाही.

मेल्या, तो मीटर खोक्यातून काढायला तुझं काय जात होतं? दहा मिनिटं! पण नाही. ज्याला कान आहेत त्याला मीटर कशाला.

महिन्याभरात मुलाने गाडी विकून टाकली असं कानावर आलं. डॉक्टर म्हणाला, शहाणपणाचं केलं. आणि विसरून गेला. बघा, तो खुशाल विसरला, त्याला कुणी काही म्हटलं नाही.

वर्ष उलटलं. एके दिवशी सकाळी गॅरेजच्या दारात ती पिवळट गाडी येऊन उभी राहिली. डिकीवरच्या रंगाचा ठिगळाएवढा फरक डॉक्टरने लांबूनच ओळखला. आतून एक नर्स उतरली, ड्यूटी संपवून आलेली, डोळे तांबारलेले.

"काका, हिची बॅटरी उतरते. तीन दिवस सुट्टी घेतली की चौथ्या दिवशी गाडी मेलेली. शेजाऱ्याकडून धक्का मारून आणलीय."

"दिवे राहत असतील चालू," डॉक्टर म्हणाला. तोंडातून आपोआपच आलं.

"नाही राहत."

"अहो ताई, सगळे असंच..."

"काका," ती म्हणाली, "मी एका वॉर्डात वीस माणसांची सलाइनं बघते. कुणाची कधी संपणार हे मला झोपेतही ठाऊक असतं. मी दिवा विसरत नाही. तुमच्याकडे मीटर आहे की नाही?"

डेंटर खुदकन हसला. डॉक्टरचा चेहरा पडला. असा फटकळ आवाज बाईंना काढता आला असता तर, असं त्याच्या मनात नंतर कितीदा आलं. पण बाईंचा जन्म 'हॅलो, नंबर प्लीज' म्हणण्यात गेलेला. त्यांना तो आवाज कुठून येणार?

त्याने खोकं काढलं. प्लास्टिक फाडलं. बॅटरीची काळी वायर सोडवली, मध्ये मीटर लावला. गाडी बंद, दारं बंद, दिवे बंद, चावी नर्सच्या हातात. काटा शून्यावर राहायला हवा होता. तो उठला आणि अर्ध्या अँपिअरच्या जरा अलीकडे जाऊन थांबला.

गाडी झोपलेली होती आणि आत कुणीतरी जागं होतं.

तो एकेक फ्यूज काढत गेला. पहिला, काटा हलला नाही. दुसरा, तिसरा, नाही. सातवा काढला आणि काटा खाली पडला. सातवा फ्यूज आतल्या दिव्यांचा. पण छतावरचा दिवा तर बंद होता. त्याने फ्यूज परत लावला, मागच्या सीटची पाठ पुढे पाडली आणि फटीतून डिकीत डोकावला.

आत लख्ख उजेड होता. स्टेपनी, जॅक, एक जुनी सतरंजी, सगळं दिसत होतं.

डिकी उघडली की लागणारा आणि लावली की विझणारा तो एवढासा दिवा. करंगळीच्या पेराएवढा, पाच वॉटचा. झाकणाने त्याचं बटण दाबलं की तो विझतो. ठोकून बसवलेलं झाकण एका बाजूने तांदळाच्या दाण्याएवढं वर राहिलं होतं, आणि बटण पुरतं दाबलंच जात नव्हतं. बाहेरून काही कळायचं नाही. रोज गाडी चालवली तर डायनामो भरपाई करून टाकणार. चार दिवस उभी राहिली की बॅटरी चाटूनपुसून साफ.

त्याने बल्बला हात लावला आणि चटका बसून हात मागे घेतला.

त्या चटक्याबरोबर त्याला सगळं आठवलं. दुधाची व्हॅन. डेंटरने बसवलेलं झाकण. आपण मारलेली थाप. 'ओके, बाई.' आणि मग ती दुपार. तो मागच्या सीटवर गुडघे टेकून तसाच थांबला.

"सापडलं का?" नर्सने विचारलं.

"सापडलं. डिकीतला दिवा. तुम्ही काही विसरत नव्हता."

"तेच तर सांगत होते." ती जांभई देऊन म्हणाली, "आधीच्या मालकीणबाईसुद्धा काही विसरणाऱ्या नव्हत्या हं. त्यांची चिठ्ठी आहे बघा, मी काढली नाही. बरी पडते."

तिने चालवणाऱ्याच्या डोक्यावरची उन्हाची झडप खाली केली. आतल्या बाजूला कागदाची पट्टी चिकटवलेली होती. अक्षर बारीक, नेटकं, ओळीत. 'उतरण्याआधी : दिवे. काचा. हँडब्रेक. पुन्हा दिवे.' आणि 'पुन्हा दिवे'च्या खाली दोन रेघा.

डॉक्टरने नवं बटण, नवा बल्ब बसवला, झाकणाखाली रबर लावून ते घट्ट केलं, मीटर पुन्हा लावून काटा शून्यावर आलेला पाहिला. जुनं बटण आणि तो बल्ब त्याने शर्टाच्या खिशात टाकला. का टाकला, ते त्याला त्या वेळी सांगता आलं नसतं.

घरी तो ताटावर बसला आणि बसूनच राहिला.

"अहो, तो घास खायला घेतलाय की मला दाखवायला?" बायको म्हणाली. या बाईपासून काही लपवणं म्हणजे मांजरापासून दूध लपवणं. दोन प्रश्नांत तिने सगळं काढून घेतलं. ऐकलं, आणि पाण्याचा तांब्या जोरात खाली ठेवला.

"उचलली जीभ लावली टाळ्याला! मीटर मी काय शोभेला आणला होता?"

"चुकलं माझं."

"मला काय सांगता? मी काय ऑपरेटरबाई आहे? ज्यांना बोललात त्यांना जाऊन सांगा."

"सांगतो ना. जातो उद्या."

पण उद्या काही उगवेना. त्या आठवड्यात तो बाईंच्या गल्लीच्या तोंडापर्यंत दोनदा गेला. एकदा समोरून कुणी ओळखीचं आलं म्हणून वळला, एकदा कुणीच आलं नाही म्हणून वळला. आता गाडी विकून झाली, आता सांगून काय होणार, त्यांना उगाच त्रास, अशी कारणं त्याने एकावर एक रचली. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. खिशातलं बटण त्याच्या बोटांना सारखं लागायचं. गॅरेजात कुणी म्हातारं गिऱ्हाईक आलं की तो मान वर करत नसे. एकदा डेंटरने सवयीने कुणाच्या तरी वयावर विनोद केला, तर हा एवढा कडाडला की डेंटरच्या हातातला हातोडा खाली पडला.

आणि मग बाईंचा मुलगाच आला, त्याच्या स्वतःच्या गाडीचा हॉर्न बंद पडला म्हणून. डॉक्टरने त्याला बाजूला घेतलं. या वेळी खरोखरच बाजूला, मागच्या भिंतीपर्यंत. सगळं सांगितलं.

"आईला सांगू नका," मुलगा म्हणाला.

"साहेब, पण..."

"वर्षभर आमच्या घरी युद्ध चाललं होतं डॉक्टर. ती म्हणायची मी विसरले नाही, मी म्हणायचो विसरलीस. शेवटी तिनेच मानलं. आता शांत आहे. गोळ्या चालू आहेत आठवणीच्या. आता कशावर हट्ट करत नाही, शेगडीलासुद्धा विचारून हात लावते. तुम्ही हे सांगितलंत तर..." तो थांबला. मग हळूच म्हणाला, "तर मी वर्षभर तिच्याशी जे बोललो त्याचं काय करू?"

हा मनुष्यही आपल्यासारखाच त्याच पाण्यात उभा आहे, एवढं डॉक्टरला दिसलं. आणि त्याला त्यात उभं आपणच केलं होतं. 'बघा बुवा तुम्ही' कोण म्हणालं होतं? त्याने 'नाही सांगत' अशी मान हलवली. हॉर्न दुरुस्त करून दिला.

पण 'शेगडीला विचारून हात लावते' हे त्याच्या डोक्यातून जाईना. आपण गाडी दुरुस्त आणि माणूस नादुरुस्त ठरवला, आणि माणसाने ते खरं मानलं! दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने हात घासून घासून धुतले, स्वच्छ शर्ट घातला, जुनं बटण, बल्ब आणि एक छोटी बॅटरी पिशवीत घेतली आणि निघाला. मुलाला दिलेला शब्द आपण मोडणार आहोत, हे त्याला ठाऊक होतं. एक पाप फेडायला दुसरं करायचं, दुसरा रस्ता त्याला दिसत नव्हता.

दार बाईंनीच उघडलं. साखळी लावून, फटीतून.

"तुम्ही... मी चुकत असेन तर सांगा हं... गॅरेजातले डॉक्टर का?"

"हो बाई. चुकत नाही तुम्ही."

खोलीत शिरल्यावर त्याला पहिल्या दिसल्या त्या चिठ्ठ्या. नळावर 'बंद?' विजेच्या बटणावर 'बंद?' कपाटावर 'चावी कुठे?' शेगडीच्या वरच्या फरशीवर मोठ्या अक्षरात, 'सूनबाईला विचारणे.' तेच बारीक, नेटकं अक्षर. फक्त आता जागोजागी प्रश्नचिन्हं होती. झडपेवरच्या पट्टीत एकही नव्हतं.

बाईंनी त्याला बसवलं. स्वतः खुर्चीच्या कडेवर बसल्या, पाहुण्यासारख्या. डॉक्टरने टेबलावर बटण ठेवलं, बल्ब ठेवला, वायरीने बॅटरीला जोडला. येताना त्याने मनात बरंच काही जुळवलं होतं. त्यातलं एक वाक्य ओठांवर येईना.

"बाई, हे बटण दाबा."

बाईंनी भीतभीत बोट ठेवलं. बल्ब विझला. बोट काढलं, लागला.

"आता अर्धवटच दाबा."

अर्धवट दाबलं. बल्ब लागलेलाच राहिला.

"तुमच्या डिकीचं झाकण असं अर्धवट बसत होतं. आम्हीच बसवलं होतं. दिवा आत रात्रंदिवस जळत होता आणि बॅटरी खात होता. तुम्ही दिवे बंद करत होता. मी न बघता बोललो. चार माणसांत बोललो. माझ्या हातून फार वाईट झालं बाई."

बाई बल्बकडे बघत होत्या. बटण दाबत होत्या, सोडत होत्या.

"झाकण बंद असतानाही जळायचा?"

"हो."

"आणि बाहेरून दिसायचा नाही?"

"नाही."

"म्हणजे मी बंद केले होते."

"केले होते."

"दोनदा."

"दोनदा, बाई."

त्या उठल्या. डॉक्टरला वाटलं आता रागावतील, हात धरून बाहेर काढतील. तसं झालं असतं तर त्याला बरंच वाटलं असतं. बाई नळापाशी गेल्या आणि तिथली चिठ्ठी नखाने खरवडून काढली. मग शेगडीपाशी गेल्या. फरशीवरच्या चिठ्ठीचा कोपरा उचलला, आणि हात तिथेच थांबला.

"पण डॉक्टर," त्या वळून म्हणाल्या, "परवा मी शेगडी खरंच चालू ठेवली होती, असं सूनबाई म्हणते. मला आठवत नाही. मला आता काहीच नीट आठवत नाही हो. म्हणजे आठवतं, पण ते खरं आहे की नाही हे कळत नाही. गाडीचं तुम्ही येऊन सांगितलंत. बाकीच्याचं मला कोण सांगणार?"

बटण बदलता येतं, झाकणाखाली रबर लावता येतं. याला काय लावायचं?

"हे बघा," बाई पुढे म्हणाल्या, आणि बोलता बोलता त्यांनी डोळे मिटले, मान जराशी कलती केली. "तुमच्या गॅरेजला पूर्वी फोन होता, तुमचे उस्ताद, आधीचे मालक, होते तेव्हा. मी कितीदा जोडून दिलाय. दोन, सात, शून्य... चार, चार, नऊ. की चार, नऊ, चार? नाही, चार चार नऊ." डोळे उघडून त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "बरोबर आहे का हो?"

हो, बरोबर आहे, अगदी बरोबर. हे त्याच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. म्हातारीला बरं वाटेल, आपल्यालाही सुटल्यासारखं होईल, कुणाचं काय जातंय? पण तो नंबर त्याला स्वतःला आठवत नव्हता. तो पुन्हा न बघता बोलणार होता.

त्याने जीभ चावली.

"मला ठाऊक नाही बाई. बघून सांगतो. आजच सांगतो."

बाईंनी मान हलवली. त्याने तो नंबर त्यांच्याच हातून एका कागदावर लिहून घेतला. पिशवी उचलताना टेबलावरचा बल्ब बाईंनी आपल्याकडे ओढून घेतला. "हा राहू दे," त्या म्हणाल्या.

गॅरेजात डेंटर एका दाराला पॉलिश करत होता. डॉक्टर त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि मेकॅनिकलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, "ऑपरेटरबाईंवर आपण हसलो होतो. चूक आपली होती. झाकण तू वाकडं बसवलंस, आणि मी न तपासता ओके म्हटलं. त्या काहीही विसरल्या नव्हत्या." डेंटर हसला नाही. पॉलिशचं फडकं तसंच हातात धरून उभा राहिला.

"जुनी पाटी कुठाय?" डॉक्टरने विचारलं.

पाटी मागच्या भिंतीला होती, टायरींच्या ढिगामागे, उलटी करून टेकवलेली. दोघांनी मिळून टायरी हलवल्या. डॉक्टरने स्वच्छ शर्टाच्या बाहीनेच धूळ पुसली. उस्तादांचं नाव, खाली 'सर्व प्रकारच्या गाड्या', आणि त्याच्याखाली उडालेल्या निळ्या रंगात सहा आकडे. त्याने कागद शेजारी धरला आणि बोट ठेवून एकेक आकडा वाचला. दोन. सात. शून्य. चार. चार. नऊ.

तो पळतच पुढे आला, मोबाइलवरून बाईंना फोन लावला.

"बरोबर आहे बाई! सहाच्या सहा आकडे बरोबर. चार चार नऊ!"

पलीकडून आवाज आला. पर्स पोटाशी धरणाऱ्या आजींचा नव्हता तो. पस्तीस वर्षं खुर्चीत ताठ बसलेल्या बाईंचा होता.

"दोनदा पाहिलंत?"

डॉक्टरने हातातल्या कागदाकडे पाहिलं.

"नाही बाई. एकदाच."

"मग पुन्हा पाहून या," बाई म्हणाल्या. "मी लाइनवर आहे."

त्याने फोन बंद न करता स्टुलावर ठेवला आणि पुन्हा टायरींच्या मागे गेला.